मांजराहून मोठे उंदीर आणि खोगीर घातलेले मेंढे

तपोवन एक्स्प्रेसच्या खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसायला लागला, तेव्हा माझा दहा वर्षांचा भाचा उंदरांमध्ये पार रंगला होता. दोष माझाच. नाशिकहून निघताना म्हटलं, पोराला इतिहास सांगावा. पण यादव, तुघलक, निजामशाही अशी सुरुवात केली की पोरं आठव्या मिनिटाला मोबाइल मागतात. म्हणून थेट इब्न बतूतापासून सुरुवात केली.

हा गृहस्थ तँजिअरचा. भूमध्य समुद्र जिथे अटलांटिकला भेटतो, त्या तोंडाशी असलेलं गाव. 1325 मध्ये एकविसाव्या वर्षी हजला म्हणून घर सोडलं ते अर्धं जग पालथं घालूनच परतला. मुहम्मद तुघलकाने त्याला दिल्लीत काजी केलं आणि 1342 मध्ये चीनच्या वकिलातीवर धाडलं. त्या वाटेवर त्याने दौलताबाद पाहिलं आणि त्याबद्दल त्याला जे वाटलं ते अगदी निम्मं-निम्मं लिहून ठेवलं. इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा पिकतात, वाहवा. गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा स्वतंत्र बाजार आहे, वाहवा. मराठा स्त्रिया देखण्या, तीही वाहवा. आणि किल्ल्यातल्या अंधारकोठडीत उंदीर आहेत ते मांजराहून मोठे. इतके मोठे की मांजरंच त्यांना पाहून पळतात!

ही माहिती त्याला तिथे कैद भोगलेल्या एका अफगाण सरदाराने दिली होती. शेजारच्या खड्ड्यातल्या आजारी कैद्याची बोटं आणि डोळे उंदरांनी खाल्ले, तो मेला, आणि ते ऐकून सुलतानाने या सरदाराची सुटका केली म्हणे. भाच्याने हा भाग तीनदा सांगायला लावला. समोरच्या बाकावरच्या आजींनी डब्यातली पोळी परत डब्यात ठेवली.

माझ्या वहीत असे आणखी तीन पाहुणे होते. तिघेही सतराव्या शतकातले, तिघेही युरोपातून आलेले आणि तिघांचंही दौलताबादशेजारच्या, आम्ही निघालो होतो त्या गावाबद्दल एकच एक मत नव्हतं. म्हटलं, बघू या, कुणाचं किती खरं.

एक गाव, पाच नावं

मूळ गाव खडकी. खडकेश्वराच्या देवळाने ते नाव अजून जपलंय. 1610 मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने इथे राजधानी वसवली. त्याच्यामागून मुलाने, फतेखानाने, स्वतःच्या नावावरून फतेहनगर केलं. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि 1653 मध्ये औरंगाबाद झालं. चौथं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. मुघल टांकसाळीच्या नाण्यांवर हे शहर ‘खुजिस्ता बुनियाद’ म्हणून येतं, म्हणजे शुभ पायाचं. आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. स्टेशनाबाहेर आम्हाला भेटलेले रिक्षावाले चाचा यातलं एकही नाव घेत नव्हते. ते नुसतं ‘शहर’ म्हणत. स्टेशन वेगळं, सिडको वेगळं, आणि दरवाज्यांच्या आत ते शहर.

बावन्न? मोजा बघू

बावन्न दरवाज्यांचं शहर, बावन्न पुऱ्यांचं शहर. हे इथलं प्रत्येक पोर पाठ म्हणतं. भाच्याने वही काढली, मोजायला बसला. भडकल, दिल्ली, पैठण, मकाई, रोशन, रंगीन, काला, बारापुल्ला, मेहमूद, नौबत...

“चाचा, बाकीचे कुठेत?”

“बेटा, बाकी गोष्टीत आहेत. बावन होते म्हणतात. आता मोजायला बस, हाताची बोटं संपतील आणि पायाची दोन-चार लागतील. मग घरी जा.”

सर्वांत जुना मान भडकलचा. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो 1612 मध्ये उभारला. मुघलांवरच्या विजयाचा दरवाजा मुघल बादशहाच्या शहरात शाबूत राहिला, ही इतिहासाची खास थट्टा. गंमत अशी की तीन पाहुण्यांपैकी एक, 1666 मध्ये हिंदुस्थानात आलेला फ्रेंच प्रवासी थेवनो लिहितो, एवढ्या मोठ्या शहराला तट नाही. खरंच नव्हता. मराठ्यांच्या धास्तीने औरंगजेबाने तो बांधून घेतला 1682 मध्ये. म्हणजे दरवाजा आधी आणि भिंत सत्तर वर्षांनी.

हे दरवाजे संग्रहालयात नाहीत, रस्त्यात आहेत. हत्ती-पालख्यांसाठी काढलेल्या कमानीतून आज दुचाकी, टमटम, पाण्याचा टँकर आणि शाळेची व्हॅन एकामागून एक जातात. समोरून कुणी आलं तर कुणी मागे घ्यायचं, हा वाद रोज नव्याने सुटतो. मकाईच्या कमानीखाली आम्ही अकरा मिनिटं उभे होतो. भाच्याने तेवढ्यात दगड मोजले. एका दरवाज्याचं नाव तर कटकट गेट. मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीत मी पडत नाही. संध्याकाळी सहा वाजता तिथून जाऊन आले, मला पटलं.

थोडक्यात राजस्थान

बावन्न पुऱ्यांचं काय? इथे राजपुतान्याचा अख्खा नकाशा पत्त्यांत सांडलाय. दख्खनच्या मोहिमांवर आलेले राजपूत राजे वर्षानुवर्षं छावणी टाकून बसत, आणि त्या छावण्यांचे पुरे झाले. कर्णपुरा बिकानेरच्या करणसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा. जयसिंगपुरा आमेरवाल्यांचा, जसवंतपुरा मारवाडच्या जसवंतसिंहाचा, भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंहाचा. करणसिंह तर इथेच वारला. आज कर्णपुऱ्यात नवरात्रात देवीची मोठी जत्रा भरते आणि पाळण्यात बसलेल्या कुणाच्याही डोक्यात बिकानेर नसतं.

सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये, सात आणे

बीबी का मकबरा. ‘दख्खनचा ताज’ म्हणतात तो. ‘गरिबांचा ताज’ही म्हणतात, आणि तसं म्हणताना गाइड लोक थोडं ओशाळून हसतात. माझं मत विचाराल तर ओशाळायचं काही कारण नाही. या इमारतीचा खर्च एका जुन्या तवारिखेत आण्यांसकट नोंदलेला आहे, तो वर लिहिला तेवढा. ताजमहालाचा खर्च सव्वातीन कोटींच्या जवळपास सांगतात. म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीसपट. अठ्ठेचाळीसाव्या हिश्शात एवढं उभं केलं, तर कंत्राटदाराला शाबासकी द्यायची की नावं ठेवायची?

आणि कंत्राटाची मजा पुढेच आहे. मकबऱ्याच्या मोठ्या दरवाज्यावर कारागिरांची नावं कोरलेली आहेत. एक हंसपत राय, दुसरा अताउल्ला. हा अताउल्ला कोण? ताजमहालाचा वास्तुरचनाकार उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. बापाने शहाजहानच्या तिजोरीतून संगमरवर ओतला. पोराच्या वाट्याला औरंगजेबाची काटकसर आली. मग संगमरवर कमरेच्या उंचीपर्यंत, वर घुमटाला, आणि मध्ये काळा दगड त्यावर चुन्याचा झकास गिलावा. जवळ गेलात तर गिलावा ओळखू येतो. पौर्णिमेच्या आसपास दुरून बघा, बिलकुल ओळखू येणार नाही.

ही कबर औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची. राबिया-उद्-दौरानी हा तिचा मरणोत्तर किताब. पाचव्या बाळंतपणानंतर 1657 मध्ये ती गेली. शहाजहानची मुमताज बाळंतपणातच गेली होती, आणि सून बाळंतपणानेच. दोन्ही ताजांचं मूळ एकाच दुखण्यात आहे, हे सांगायला मात्र गाइड थांबत नाहीत. वरून जाळीतून खाली पाहिलं की अष्टकोनी संगमरवरी पडद्याच्या आत साधी मातीची कबर दिसते. लोक वरून नाणी टाकतात. भाच्याने दोन रुपये टाकले आणि विचारलं, “मावशी, हे सहा लाखांत धरायचे का?”

पाहुण्यांपैकी ताव्हेर्निये हिऱ्यांचा व्यापारी. चौदाव्या लुईला त्याने विकलेल्या निळ्या हिऱ्याचाच पुढे ‘होप’ झाला. त्याला वाटेत या मकबऱ्याच्या संगमरवराच्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या. त्यातल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल. कमरेएवढ्या संगमरवरासाठी तीनशे गाड्या! ताजच्या गाड्या मोजायला कुणी बसलंच नसेल.

पलंगपोस नव्हे, पलंगपोश

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या ठिकाणाकडे. मकबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाणचक्की आहे. मकबरा बघायला येणारे लोक इथे वीस मिनिटं देतात. मी अडीच तास काढले, त्यातला अर्धा तास पाणी खळाळताना बघण्यात.

इथे बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. त्यांच्या गुरूंचं नाव बाबा पलंगपोश. भाचा खो खो हसला. हसणारच, आपल्या घरात पलंगपोस धोब्याकडे जातो! पण फारसीत पलंग म्हणजे बिबट्या. बिबट्याचं कातडं पांघरणारे ते पलंगपोश. आपली चादर ज्या पलंगावर पडते त्याचा त्या बिबट्याशी काडीचा संबंध नाही. तरी मी हे घरी येऊन आईला सांगितलं, आणि तिने चादर बदलताना दोनदा झटकली.

दर्ग्यावर येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंना जेवण लागे. पीठ लागे. मग सहा-आठ किलोमीटरवरच्या डोंगराकडून झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून आणलं. इथे एका उंच भिंतीत ते दाबाने वर चढतं आणि वरून धबधब्यासारखं हौदात कोसळतं. त्याच जोरावर खाली पंख्याचं चाक फिरतं, चाकावर जातं. ना वीज, ना बैल, ना सासुरवाशीण. पाणी स्वतःच वर चढतं हे पोराला पटेना. त्याला मी रबरी नळीने डब्यातलं रॉकेल काढायचे आमचे दिवस सांगितले. त्याने विचारलं, “रॉकेल म्हणजे?”

समोरचा हौद जवळपास 164 फूट लांब. आणि त्याच्या तळाखाली दालन आहे! म्हणजे हौदाचा तळ तेच दालनाचं छत. मुंबईत वरच्या मजल्यावरच्याने बाथरूमची फरशी बदलली तरी खालच्याच्या छताला डाग पडतो. इथे डोक्यावर अख्खा हौद घेऊन लोक उन्हाळ्यात गार झोपत.

पाणचक्कीचा नहर एकटा नव्हता. त्याच्याही शंभरएक वर्षं आधी मलिक अंबरने नहर-ए-अंबरी काढला. त्याची कहाणी तर ऐकायलाच हवी. इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मलेलं पोर गुलाम म्हणून विकलं जातं. अरबी बाजारातून, बगदादमधून हात बदलत अहमदनगरला येतं. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीतला वजीर चंगीझखान हाही मूळचा हबशी गुलामच. आणि हेच पोर पुढे वजीर होऊन जहांगीराच्या फौजांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं पाणी पाजतं. स्वतःच्या राजधानीलाही पाजतं, पण ते शब्दशः, जमिनीखालच्या नळांनी. मध्ये मध्ये हवा निघून जावी, गाळ काढता यावा म्हणून उभारलेले दगडी मनोरे. लोक त्यांना बंबे म्हणतात. पंप नाही, मोटर नाही, सगळा खेळ उताराचा.

आणि आज? पैठणला नाथसागर आहे, सुमारे शंभर टीएमसीचा. 1976 मध्ये तयार झाला, इथून पन्नासेक किलोमीटर. तरी शहरातल्या कितीतरी घरांत नळाला रोज पाणी येत नाही. ‘आज पाणी आहे’ हे वाक्य इथे ‘आज पाहुणे आहेत’ या सुरात म्हणतात. आम्ही उतरलो तिथे न्हाणीघरात बादलीशेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, पाणी जपून वापरा. मालकाने सकाळी स्वतः येऊन विचारलं, “ताई, पोरगं किती वेळ आंघोळ करतं हो?”

पाठीवर खोगीर, तोंडात लगाम

थेवनोकडे परत येते. त्याने औरंगाबादेत पाहिलेली एक गोष्ट मी भाच्यासाठी राखून ठेवली होती. इथे त्याला बिनशिंगांचे मेंढे दिसले. इतके दणकट की त्यांच्यावर खोगीर-लगाम चढवून दहा वर्षांची पोरं गावभर फिरतात, असं तो लिहितो.

“दहाच? बरोब्बर दहा?”

बरोब्बर दहा. त्यानंतर जुन्या शहरात दिसणारा प्रत्येक बोकड भाच्याने वजनाच्या अंदाजाने पाहिला. मेंढा मात्र शेवटी दौलताबादच्या किल्ल्यावर मिळाला. मेंढा तोफ. पंचधातूची, बुडाशी मेंढ्याचं डोकं. खोगीर नाही, पण हात फिरवायला मिळाला. त्या किल्ल्यावर चाँदमिनार आहे, भुलभुलैयाची अंधारी आहे, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा जिथे कैदेत मेला तो चिनी महाल आहे. अंधारीत भाचा माझा हात घट्ट धरून होता, कारण उघड आहे. उंदीर नव्हते. वटवाघळं होती आणि वास होता.

थेवनो औरंगाबादेहून वेरूळला गेला. लेणी बघून त्याने जो शेरा मारला तो पाहुण्यांच्या निम्म्या-निम्म्या शेऱ्यांचा राजा म्हणायला हवा. त्याच्या सांगण्याचा मतलब असा, की हे काम माणसाच्या ताकदीपलीकडचं आहे. ज्यांनी केलं ते लोक अगदीच रानटी नसावेत. अर्थात कोरीवकाम आपल्याकडच्याइतकं नाजूक नाही. कैलास लेणं समोर ठेवून हे वाक्य वाचा. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी एका डोंगरातून, वरून खाली कोरत आणलेलं अखंड देऊळ. त्यातून काढलेल्या दगडाचे अंदाज दीड लाख टनांपासून चार लाख टनांपर्यंत जातात. वरून खाली कोरायचं म्हणजे शिखर आधी, पायरी शेवटी. एक हत्तीची सोंड चुकली तर जोडायला दुसरा डोंगर नाही. आणि पाहुणे म्हणतात, नाजूक नाही!

पण थेवनोवर रागावायचा धीर होत नाही. परतीच्या वाटेवर इराणात 1667 मध्ये तो वारला. चौतीस वर्षांचा होता. त्याचं हिंदुस्थानचं पुस्तक त्याने छापलेलं पाहिलंच नाही.

तिसरा युरोपीय पाहुणा व्हेनिसचा मनुची. औरंगजेबाचा भाऊ दारा शुकोह याच्या तोफखान्यात गोलंदाज होता, मग पुस्तकांशिवाय वैद्य झाला आणि औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याच्या पदरी औरंगाबादेत राहून राजघराण्याच्या नाड्या बघू लागला. मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणीत तो शिवाजी महाराजांनाही भेटला होता. तोफेपासून नाडीपर्यंतचा हा प्रवास ऐकून आमचे चाचा म्हणाले, “हमारे गल्लीत पण एक आहे. आधी पंक्चर काढायचा.”

आणि जाताजाता अजिंठा, कारण तिकडे आमचं जाणं झालं नाही. 1819 च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला गेलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. त्याने काय केलं? दहाव्या लेण्यातल्या चित्रावर नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं आज डोक्याच्याही वर दिसतात, कारण तेव्हा तो कित्येक फूट गाळावर उभा होता. ‘बंटी लव्ह पिंकी’चे पूर्वज असे गोऱ्यांत निघतात.

दीडशे मर्सिडीज आणि एक हिमरू

2010 च्या ऑक्टोबरात इथल्या लोकांनी एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या उचलल्या. एकत्र घासाघीस केली, एकत्र कर्ज घेतलं, एकत्र किल्ल्या घेतल्या. सगळं मिळून सुमारे 65 कोटी. मराठवाडा म्हणजे दुष्काळ एवढंच ठाऊक असलेल्या मुंबईकरांची बोटं तोंडात गेली. मकबऱ्याला पावणेसात लाखांपाशी हात आखडणारं शहर हेच का, असंही वाटून गेलं.

हिमरूत मात्र जुनीच काटकसर आहे. किनखापासारखं दिसावं पण सोन्या-चांदीच्या तारेऐवजी रेशीम आणि सूत, म्हणून ‘हम-रू’, सारखं दिसणारं. त्याचा चुलतभाऊ मशरू. वरून रेशीम, अंगाला सूत. पुरुषांनी अंगाला रेशीम लावणं इस्लाममध्ये बसत नाही म्हणून विणकरांनी काढलेली पळवाट. मशरू या शब्दाचा अर्थच मुळी ‘चालेल’! मी एक हिमरू शाल घेतली. दुकानदाराने हातमाग कुठला आणि यंत्रमाग कुठला हे उलटी बाजू दाखवून समजावलं. पैसे देईपर्यंत मला समजलं होतं, घरी आल्यावर विसरले.

शेवटचा घास

रात्री शहागंजच्या बाजूला नान-कलिया. तुघलकाची फौज दिल्लीहून दौलताबादला आली तेव्हा मोठ्या देगांमध्ये शिजलेला हा लष्करी स्वयंपाक, असं इथे सांगतात. पिवळसर तांबूस, तळहाताहून मोठी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. इब्न बतूताच्या शब्दांत दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, दोन्ही बाजूंना झाडी, बागेतून चालावं तशी. चाळीस दिवस चालून आल्यावर मीही अशीच जेवले असते. आम्ही तर रिक्षातून आलो होतो, तरी मी दुसरी नान मागवली.

त्याच इब्न बतूताने नंदुरबारकडच्या मराठ्यांबद्दल लिहिलंय की हे लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी आंघोळ करतात आणि जनावराला मारणं त्यांना आवडत नाही. हे वाक्य मी भाच्याला रस्सा संपल्यावर सांगितलं.

बाकाखाली एक मांजर बसलं होतं. गुबगुबीत, डोळे अर्धे मिटलेलं, समोर हाडकांचा ढीग. भाच्याने वाकून आधी बाकाखाली, मग भट्टीमागे, मग पाण्याच्या पिंपापाठी नीट पाहिलं.

“मावशी, या मांजराला कुणालाच घाबरायचं नाहीये.”

चाचा म्हणाले, “ये? ये तो अख्ख्या गल्लीत कुत्र्यांना पण बसू देत नाही.”